तुम्ही विचारलंत म्हणून: हल्ली एवढ्या तपासण्या का?

"डॉक्टर, पूर्वी नळी लावून दोन मिनिटांत सांगायचात. आता साध्या खोकल्यालाही एक्स-रे, थुंकी. लॅबवाला कट देतो का?" किसननगरच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. जुने पेशंट तोंडावर विचारतात, नवे बाहेर बाकड्यावर बसून बोलतात. पार्टिशन पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं.

कट घेत नाही. थुंकीची सीबीनॅट, म्हणजे मशीनवर टीबी शोधणारी तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, तिथे मला कोण काय देणार? या प्रश्नाचा राग येतो. पण खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

2009 साल. वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम करणारा बावीस वर्षांचा मुलगा. थुंकीत टीबीचे जंतू दिसले, मी नेहमीची चार औषधं सुरू केली. दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा पॉझिटिव्ह. "गोळ्या चुकवतोस," म्हणून मी त्याला झापलं. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुधाची धुतलेली पिशवी घेऊन आला आणि माझ्या टेबलावर उलटी केली. रोजच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, प्रत्येकावर बॉलपेनने तारीख. मी मोजली. एकही कमी नव्हतं.

तरी मी काय केलं? स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन वाढवलं. औषधं लागू पडत नसताना त्यांत एकच नवं औषध घातलं, तर जंतू त्यालाही दाद देईनासे होतात, हे मला पाठ होतं. कल्चर, म्हणजे थुंकीतले जंतू लॅबमध्ये वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी, पाठवलं ते आणखी दोन महिन्यांनी. टीबीचा जंतू सावकाश वाढतो, रिपोर्टला अडीच महिने लागले. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, टीबीची दोन मुख्य औषधं, दोन्ही निकामी. रिपोर्ट न्यायला त्याची बहीण आली. तो जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि "किती झाले?" विचारलं. मी पैसे घेतले नाहीत. तेवढंच सुचलं.

तेव्हाचा मी अजून भांडतो. म्हणतो, मायक्रोस्कोपखाली जंतू दिसतो, तो कुठल्या औषधाला जुमानत नाही ते दिसत नाही. निदान रिफाम्पिसिनपुरतं ते दोन तासांत सांगणाऱ्या सीबीनॅट मशीनला डब्ल्यूएचओची मान्यताच मुळी डिसेंबर 2010 मध्ये मिळाली. कबूल. पण कल्चर तर होतं! "याला खर्च झेपणार नाही," असं मी परस्पर ठरवलं, त्याला विचारलंसुद्धा नाही. आणि लवकर कळलं असतं तर वाचला असता का? तेव्हाचा इलाज दोन वर्षांचा, इंजेक्शनांनी काहींचे कान जायचे. आता अशा बऱ्याच पेशंटना सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात. मला आजही ठरवता येत नाही.

आणि हेही खरं, की काही तपासण्या मी निव्वळ भीतीपोटी लिहितो. गेल्या महिन्यात महिनाभर खोकणाऱ्या एका मुलीचा एक्स-रे, रक्त, थुंकी, नंतर सीटीसुद्धा केला. सगळं नॉर्मल निघालं. आई धुणीभांडी करते, सीटीसाठी तिने मालकिणीकडून उचल घेतली होती. "मग एवढं कशाला करायला लावलंत?" तिने विचारलं. त्या दुधाच्या पिशवीचं मी तिला सांगितलं नाही.