दुसऱ्यांदा मत घेतलं आणि बरोबर उत्तरं घटली

नववी अ च्या तासाला छात्राध्यापिकेने, म्हणजे शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीने, विचारलेला प्रश्न एकच होता. घटांच्या जोडणीला दोन सारखे दिवे एकसर जोडलेत. धन टोकाजवळचा दिवा पहिला, त्याच्या पुढचा दुसरा. जास्त प्रकाश कोणाचा? अ : पहिल्याचा. ब : दुसऱ्याचा. क : दोघांचा सारखा. ड : एकही पेटणार नाही.

पहिल्या फेरीत जेमतेम चौथा हिस्सा मुलं ‘क’ या बरोबर उत्तरावर होती. मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं चर्चा झाली आणि पुन्हा मत घेतलं. चर्चेनंतर बरोबर उत्तरं वाढतात, निदान वाढावीत अशी अपेक्षा असते. इथे ती आणखी घटली आणि जवळपास सगळा वर्ग ‘अ’ वर जाऊन बसला. मी शेवटच्या बाकावर पाठ निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसलो होतो. बी.एड. च्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याचा काळ, सोळा आठवड्यांची असते आणि त्या काळात आम्ही असे बरेच पाठ पाहतो. चुकलेला पाठ नवा नसतो. एवढ्या स्पष्ट आकड्यांत चुकलेला पाठ मात्र क्वचित पाहायला मिळतो.

शाळा पंढरपूर तालुक्यातली. मुलांकडे फोन नाहीत, वर्गात एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि छात्राध्यापिकेचा स्वतःचा फोन. म्हणून तिने मत घ्यायला प्लिकर्स हे ॲप निवडलं होतं, आणि अशा वर्गासाठी ती निवड योग्यच आहे. यात प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक चौकोनी कार्ड मिळतं. त्यावर काळी नक्षी, क्रमांक आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं, म्हणजे आपले अ, ब, क, ड. जे उत्तर द्यायचं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की ॲप सगळी उत्तरं टिपतं. प्रत्येक नक्षी वेगळी, अक्षरं बारीक, त्यामुळे शेजारच्याने काय धरलंय ते ओळखू येत नाही. हात वर करून मत घेतलं की अर्धा वर्ग हुशार मुलाकडे बघून हात वर करतो, तो प्रकार इथे टळतो.

कार्डांचा नेहमीचा संच ४० चा असतो. पट त्याहून मोठा असेल तर ६३ कार्डांचा मोठा संच छापावा. कागद जाड आणि बिनचकाकीचा हवा. टिकावं म्हणून लॅमिनेशन केलं की ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि खिडकीकडची रांग वाचलीच जात नाही. कापताना काळ्या नक्षीभोवतीची पांढरी कड ठेवायची. मुलांची बोटं नक्षीवर येतात, म्हणून कार्ड कडांना धरायला आधी एकदा शिकवायचं, त्यासाठी ‘आज जेवणात काय होतं’ असा फुटकळ प्रश्न पुरतो. कार्ड क्रमांक हाच हजेरी क्रमांक ठेवला की ॲपमध्ये मुलांची नावं भरायची गरज राहत नाही. ॲपला इंटरनेट लागतं, तेव्हा ज्या खोलीत रेंज आहे ती आदल्या दिवशी हेरून ठेवायची. तोच प्रश्न दोनदा विचारायचा असेल तर रांगेत दोनदा लावून ठेवावा आणि पहिल्या फेरीचा आलेख पडद्यावर दाखवू नये. आलेख दिसला की दुसरी फेरी म्हणजे बहुमताची नक्कल होते.

तिने हे सगळं नीट केलं होतं. आलेखही लपवला होता. मग घटलं कसं?

याचं उत्तर साधनात नव्हतं, पद्धतीत होतं. आधी एकट्याने मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत, ही पद्धत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. तिच्यात एक अट आहे आणि प्रशिक्षणाच्या स्लाइडवर नेमकी तीच गळते. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तरच चर्चेला सोडायचं. सत्तरच्या वर असतील तर थोडक्यात उलगडून पुढे जायचं. तीसच्या खाली असतील तर चर्चा नको, संकल्पना पुन्हा मांडायची. कारण सरळ आहे. चार मुलांत एकालाच बरोबर माहीत असेल तर निदान निम्म्या जोड्यांत बरोबर बाजू मांडणारा कुणी नसतोच, आणि जिथे असतो तिथे तो एकटा पडतो. शिवाय या प्रश्नात चुकीचं उत्तर फार पटण्यासारखं आहे. ‘आधी पहिल्या दिव्याला करंट मिळतो, तो आपलं घेतो, उरलेला पुढे जातो.’ घरी विजेचं बिल येतं, म्हणजे वीज खर्च होते, एवढं नववीच्या मुलाला पक्कं माहीत असतं. खर्च ऊर्जा होते, प्रभार नाही, हा फरक त्याच्यासमोर अजून कुणी उभाच केलेला नसतो.

मधली सुट्टी झाली. नववी ब चा तास सुट्टीनंतर दुसरा. मी मुद्दाम काही बोललो नाही. निरीक्षकाने लगेच उपाय सांगितला की पुढचा पाठ निरीक्षकाचा होतो. तिने फोन काढला आणि तुकडीच्या टेलिग्राम गटात नोंद टाकली.

हा गट विज्ञान अध्यापन पद्धतीच्या छात्राध्यापकांचा आहे. मागच्या तुकड्यांतले, आता नोकरीत असलेले काही जणही त्यात आहेत. व्हॉट्सॲपऐवजी टेलिग्राम ठेवण्याची कारणं व्यवहारी आहेत. नव्याने आलेल्याला जुन्या नोंदी वाचता येतात आणि फोन क्रमांक लपवता येतो, जे मुलींना महत्त्वाचं वाटतं. सुप्रभात आणि वाढदिवस यांच्यासाठी व्हॉट्सॲप आहेच. गटातली प्रत्येक नोंद ठरलेल्या संकेताने सुरू होते. ‘वि९-३’ म्हणजे विज्ञान, नववी, धडा तिसरा, धाराविद्युत. हे केलं नाही तर शोधताना फजिती होते. कुणी ‘धाराविद्युत’ लिहितो, कुणी ‘विद्युतधारा’, कुणी रोमनमध्ये करंट, आणि सहा महिन्यांनी काहीच सापडत नाही.

नोंदीत पाच गोष्टी असाव्यात असा आमचा दंडक आहे : विचारलेला प्रश्न शब्दशः, पर्याय, आधीचे आणि नंतरचे टक्के, मधे काय केलं, आणि गटाला एकच नेमका प्रश्न. ‘आजचा पाठ कसा वाटला?’ असं विचारलं की अंगठे येतात. फळ्याचा किंवा आलेखाचा फोटो ‘फाइल’ म्हणून पाठवायचा, नाहीतर दाबला जाऊन अक्षरं पुसट होतात. मुलांचे चेहरे, नावं, वह्यांवरची नावं काही जाता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी चुकलेल्या मुलाचं नाव गटात फिरवणं वाईटच.

तिचा प्रश्न असा होता : ‘चर्चेनंतर क घटला. ब तुकडीला चर्चा गाळू की प्रश्न बदलू?’

सुट्टी संपायच्या आत कामाची उत्तरं आली. एकाने तीस टक्क्यांची अट आठवून दिली. रत्नागिरीकडे नोकरी करणाऱ्या मागच्या तुकडीतल्या एका शिक्षिकेने लिहिलं, ‘अगं, प्रकाशाबद्दल विचारूच नकोस आधी. ॲमीटर कुठे किती दाखवेल ते विचार. आणि खरे दिवे लावणार असशील तर अदलाबदल करून दाखव, नाहीतर तोंडघशी पडशील.’ (ॲमीटर म्हणजे धारा मोजणारं उपकरण.) तिसऱ्याने कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातल्या विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनची, म्हणजे पडद्यावर करायच्या प्रयोगाची, फाइलच टाकली. हा प्रकल्प नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. यातली सिम्युलेशनं फुकट आहेत आणि एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. फोनवर ती उघडताना क्रोम निवडावं लागतं. लॅपटॉपवर हा प्रश्न येत नाही.

‘तोंडघशी पडशील’ याचा अर्थ सांगायला हवा, कारण या प्रयोगात नवखे शिक्षक नेमके इथेच फसतात. एकाच खोक्यातले, एकाच मापाचे दोन टॉर्चचे दिवे घेतले तरी त्यांच्या तारांचा रोध तंतोतंत सारखा नसतो. एकसर जोडले की ज्याचा रोध जास्त तो अधिक उजळ दिसतो. तो नेमका धन टोकाकडे आला तर वर्ग ओरडतो, ‘बघा, पहिल्याने जास्त घेतला!’ अशा वेळी दिव्यांच्या जागा बदलायच्या. उजळ दिवा दुसऱ्या जागी जाऊनही उजळच राहतो. मग घट उलटे लावायचे. तरीही तोच उजळ. म्हणजे फरक दिव्याचा, जागेचा नाही.

बाकीचे खाचखळगेही ठरलेले. हल्लीचे टॉर्च एलईडीचे. एलईडी एकाच दिशेने धारा जाऊ देतो, त्यामुळे घट उलटे केले की तो विझतो आणि भलताच धडा सुरू होतो. तारेचे, २.५ व्होल्टचे दिवे विजेच्या सामानाच्या दुकानात मागून घ्यावे लागतात. १.५ व्होल्टचा एकच घट लावला तर दोन दिव्यांना प्रत्येकी पाऊण व्होल्ट मिळतो, उजेड दिसतच नाही आणि ‘ड’ वाले जिंकतात. तीन घट लावले की दोन्ही दिवे छान पेटतात, पण मग उत्साहाच्या भरात एक दिवा काढून त्या जागी तार जोडली की उरलेल्यावर साडेचार व्होल्ट येतात आणि तो जातो. प्रयोगशाळेतला ॲमीटर ५०० मिलिॲम्पिअरपर्यंतचा असावा. तीन ॲम्पिअरच्या तबकडीवर काटा हललाय की नाही यावरच वाद होतात. आणि तीन जागी तीन ॲमीटर लावायचे नाहीत. शाळेतल्या उपकरणांचे काटे शून्यावर नसतात, तीन वेगळी वाचनं येतात आणि ‘करंट कमी होतो’ हेच सिद्ध होतं. एकच ॲमीटर तिन्ही जागी फिरवायचा. शाळेत मल्टीमीटर असेल तर तार दहा ॲम्पिअरच्या खाचेत. स्वस्त मल्टीमीटरच्या २०० मिलिॲम्पिअरच्या खाचेत घातली तर आतला फ्यूज उडतो.

नववी ब मध्ये तिने क्रम उलटा केला. आधी पडद्यावर सिम्युलेशन. त्यात बॅटरी आपोआप ९ व्होल्टची आणि दिवा १० ओहमचा येतो. एक दिवा जोडला, ॲमीटरवर ०.९० ॲम्पिअर. मग दुसरा दिवा जोडून ठेवला पण ॲमीटर लावला नाही आणि विचारलं : पहिल्या दिव्याच्या आधी, दोघांच्या मधे आणि दुसऱ्याच्या नंतर किती? कार्डं वर. बहुतेकांनी उतरता क्रम निवडला. आता ॲमीटर तीन जागी फिरवला. ०.४५, ०.४५, ०.४५.

वर्गात जी कुजबुज झाली ती ऐकण्यासारखी होती. एक मुलगा म्हणाला, ‘बाई, कॉम्प्युटरमध्ये तसं घातलंय.’ माझ्या मते त्या तासातला हा सगळ्यात चांगला आक्षेप. सिम्युलेशन म्हणजे समीकरणं काढून दाखवलेलं चित्र. ते निसर्गाचा पुरावा नाही, आणि हे मुलाला कळतं पण कित्येक प्रशिक्षकांना कळत नाही. तिने त्याच मुलाला पुढे बोलावून प्रयोगशाळेतले घट, दिवे आणि तो एकच ॲमीटर दिला. काटा तिन्ही जागी पाव ॲम्पिअरच्या आसपास तिथल्या तिथे थांबला. दिवे थोडे कमीजास्त उजळ होतेच, ते त्यानेच अदलाबदल करून तपासले.

पडद्यावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सिम्युलेशन आपोआप निळे इलेक्ट्रॉन दाखवतं आणि ते ऋण टोकाकडून धन टोकाकडे सरकतात. पाठ्यपुस्तकातला बाण उलट. आधीच सांकेतिक धारेचा पर्याय निवडून ठेवला नाही तर ‘पहिला दिवा कोणता’ यावरच दहा मिनिटं जातात. तिने तो निवडला होता.

मग सकाळचाच प्रश्न विचारला. या वेळी पहिल्याच फेरीत निम्म्याहून अधिक ‘क’ आले, म्हणजे चर्चेला सोडण्याजोगा आकडा. तीन मिनिटांच्या चर्चेनंतर थोडेच क्रमांक ‘अ’ वर उरले. ही तुलना काटेकोर नव्हे. तुकड्या वेगळ्या, आणि सुट्टीत अ च्या मुलांनी ब च्या मुलांना काय सांगितलं ते कोण जाणे. पण सांगितलं असेल तर बहुधा ‘अ’च सांगितलं असणार.

रात्रीसाठी तिने गुगल फॉर्म तयार केला, पालकांच्या फोनवर भरायचा. त्यातही एक नेहमीची अडचण येते : ‘एकदाच उत्तर’ ही सोय चालू ठेवली की फॉर्म गुगल खात्यातून आत यायला सांगतो आणि निम्मी घरं तिथेच थांबतात. ती बंद ठेवायची, ईमेल गोळा करणंही बंद, फक्त तुकडी आणि हजेरी क्रमांक. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी तोच प्रश्न वहीत सोडवायचा. प्रश्न दोनच : समांतर जोडणीत बॅटरीजवळचा ॲमीटर किती दाखवेल, आणि का. ‘का’ साठी बोलून टाइप करायची सोय वापरा असं सांगितलं, कारण मराठी कळफलकावर मुलं एका शब्दात आटपतात.

मी निघेपर्यंत तिने गटात दुसरी नोंद टाकली होती, ‘वि९-३’ याच संकेताने, सकाळच्या नोंदीला जोडून. दोन्ही तुकड्यांचे आकडे, बदललेला क्रम, त्या मुलाचा आक्षेप नाव न घेता. शेवटी गटाला प्रश्न : ‘अ तुकडीला उद्या हाच प्रश्न परत देऊ, की थेट ॲमीटरपासून सुरू करू?’ रत्नागिरीहून उत्तर आलं, ‘ॲमीटरपासून. पण आधी त्यांच्याकडूनच आकडे लिहून घे, मग फिरव.’