पंप नवा, तरी स्टेअरिंग कण्हतंय

सकाळी शटर उघडून अर्धा तासही झाला नव्हता, गेटमधून एक गाडी वळली आणि तिच्या आधी तिचा आवाज आत आला. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची जुनी गाडी, म्हणजे पंपाने दाबलेल्या ऑइलच्या जोरावर स्टेअरिंग हलकं होणारी, वळताना नुसती कण्हत होती, रेस केलं की आवाज चढायचा, सोडलं की उतरायचा. काका उतरले ते बोलतच, "दादा, दोन महिन्यांपूर्वीच पंप नवा टाकलाय, तरी हे असंच, आणि आता गॅरेजवाले रॅक बदला म्हणतायत." रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग. माणूस पार वैतागलेला.

मला अशा वेळी खरंच राग येतो. आवाज पंपातून येतो म्हणून दोष पंपाचाच असं नसतं हो, त्याला नीट ऑइल मिळालं नाही तर नवाकोरा पंपसुद्धा ओरडणारच.

आधी बेल्ट बघितला. बेल्ट ढिला असेल तर तो किंचाळतो, फुल लॉकला, म्हणजे स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवल्यावर, तर जास्तच, आणि वर थोडं पाणी मारलं की आवाज लगेच बदलतो. इथे काही फरक नाही, ताणही बरोबर. मग इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. लाल दिसायला हवं ते ऑइल फिकट गुलाबी, वर बारीक बारीक बुडबुडे, साबणाच्या फेसासारखे. हेल्परला म्हटलं लेव्हलवर नजर ठेव, आणि इंजिन बंद केलं. लेव्हल हळूहळू बोटाच्या पेरभर वर आली. पोरगं चक्रावलं, "दादा, बंद केल्यावर ऑइल वाढलं कसं?" ऑइल नाही रे वाढलं, दाबाखाली आकसलेली हवा दाब गेल्यावर फुगली, तिने ऑइल वर ढकललं.

म्हणजे सिस्टीममध्ये हवा आहे हे नक्की झालं, पण शिरतेय कुठून? खाली एक थेंब गळत नव्हता, आणि बहुतेक इथेच सगळे फसले असणार. पंपातून रॅककडे जाणाऱ्या लाइनमध्ये फुल लॉकला 80 बार किंवा त्याहून जास्त दाब असतो, टायरमध्ये असतो जेमतेम 2-2.5, तिथे जरा फट पडली तर ऑइलचा फवाराच उडेल. पण टाकीतून पंपाकडे येणारा होज, म्हणजे रबरी पाइप, ओढीवर चालतो, तिथली फट ऑइल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते.

मग माझी जुनी युक्ती केली, पंखा आणि बेल्टपासून हात सांभाळत त्या होजच्या जॉइंटभोवती घट्ट ग्रीस थापलं आणि पोराला स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. पाच-सहा सेकंदात आवाज निम्म्यावर आला! ग्रीस आत ओढलं गेलं तसा परत चढला. सापडलं.

जॉइंट खोलला तर आतली ओ-रिंग, म्हणजे सील करणारी गोल रबरी रिंग, चपटी आणि कडक, नख दाबलं तरी रुतेना. नवा पंप बसवताना जुनीच रिंग परत लावलेली. टाकीच्या तळाची जाळीही काळ्या गाळाने अर्धी बुजलेली, ती तुंबली की पंपाला ऑइल अजून जोर लावून ओढावं लागतं आणि हवाही तेवढीच जास्त येते. रिंग बदलली, टाकी धुतली, जुनं ऑइल सगळं काढून टाकलं. मॅन्युअलमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) होतं म्हणून तेच भरलं. काही गाड्यांना वेगळं फ्लुइड लागतं, त्यामुळे हाताला लागेल ते कधीच ओतायचं नाही, सील खराब होतात.

हवा काढताना मी घाई करू देत नाही. पुढची चाकं उचलून स्टँडवर घेतली, इंजिन बंद, झाकण उघडं, आणि पोराने सावकाश या लॉकपासून त्या लॉकपर्यंत वीस वेळा तरी फिरवलं असेल, मी बुडबुडे बघत ऑइल भरत होतो. बुडबुडे थांबल्यावर अर्धा तास तसंच ठेवलं, मगच स्टार्टर मारला, तेव्हाही लॉकला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नको म्हणून बजावलं कारण तिथे ऑइल लगेच तापतं आणि नव्या पंपावर उगाच लोड.

आवाज गेला. तरी गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण हा आवाज थंड इंजिनला सगळ्यात जास्त यायचा. सकाळी काका आले, चावी त्यांच्याच हातात दिली. काच खाली करून त्यांनी डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, मग इंजिन बंद करून परत चालू केलं आणि कान देऊन ऐकत बसले. मी पण त्यांच्या खिडकीशी उभा राहून ऐकत होतो.