मग लावायचं तरी कधी?

मेमध्ये लावलं तर करपतं, जूनमध्ये लावलं तर कुजतं; मग भाजी लावायची तरी कधी? गच्चीवर बाग करणारं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेकांना उत्तर म्हणून एक तारीख हवी असते. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. तारीख मी देणार नाही. का देणार नाही, ते आधी सांगते.

तारीख आपल्याकडे होती. ७ जूनच्या सुमाराला मृग लागायचा, त्याच्या आगेमागे पुण्यात पाऊस यायचा आणि घरोघरी परसात भोपळा, दोडका, चवळीच्या बिया टोचल्या जायच्या. मृग अजूनही त्याच सुमाराला लागतो, कारण नक्षत्रं सूर्याच्या गतीला बांधलेली आहेत. पाऊस तसा बांधलेला नाही. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला, आणि पुढे त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२५ साली तोच पाऊस २६ मेला हजर! परतीचंही तसंच. हवामान खात्याने २०२० साली सरासरी तारखा नव्याने मांडल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख सप्टेंबरअखेरीवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे गणपती झाले की मेथी-कोथिंबीर पेरायची, हा जुना हिशोबही आता सरसकट धरता येत नाही. पेरलेलं बी हस्ताच्या सरींत वाहून जातं.

उन्हाचं म्हणाल, तर दुपारच्या उन्हाइतकीच मला रात्रीच्या उकाड्याची काळजी वाटते. टोमॅटोचं फूल एकदा जवळून बघा. दिवसाचा पारा पस्तिशीला टेकला आणि रात्रही गार झाली नाही, की परागकण निकामी होतात. मग देठावर मध्यभागी जी बारीकशी गाठ असते, ती पिवळी पडते आणि बोट लागताच फूल तिथून अलगद सुटतं. झाड हिरवंगार असतं, म्हणून लोक खत घालत राहतात. खताचा इथे काही संबंध नाही. २०२५चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण होता. असे फेब्रुवारी यायला लागले, तर टोमॅटोचा हंगाम शेवटाकडून आखडणार. म्हणून पुण्यात तरी उन्हाळी टोमॅटोचा हट्ट सोडा, असं मी स्पष्ट सांगते. पावसाचा जोर ओसरताच रोपं तयार ठेवा आणि थंडी पुरती वापरून घ्या.

उन्हाळ्यात गवार, भेंडी, चवळी, राजगिरा, लाल माठ आणि मायाळू लावा. ही आपल्या उन्हाची सवय असलेली मंडळी. शेवगा आणि कढीपत्ता मोठ्या पिंपात एकदा रुजले की पश्चिमेच्या बाजूला उभे करा. त्यांच्या सावलीत बाकीच्या कुंड्या निभावतात. ग्रीन नेट बांधायची असेल तर निम्मं ऊन अडवणारी पुरे. ती झाडांना टेकवू नका, डोक्यावर चांगली उंच ताणा, म्हणजे खालून वारा खेळेल. आणि पाऊस सुरू झाला की आठवणीने काढा, नाहीतर रोपं उंच, लेची होतात.

पण माझा सगळा भरवसा पाल्यावर आहे. माघ-फाल्गुनात आपल्या रस्त्यांवर पानगळीचे ढीग लागतात आणि लोक ते पेटवून देतात. ते बघून जीव तुटतो. ती पोती गच्चीवर आणा. कुंडीत निम्म्याहून जास्त पाला, बाकी कंपोस्ट आणि थोडी माती. वर चार बोटं जाडीचं पाल्याचं आच्छादन. भर मे महिन्यात दुपारी हे आच्छादन बाजूला करून बघा. वरची पानं कुरकुरीत, हातात घेताच चुरा होणारी. त्याखाली काळसर, एकमेकांना चिकटलेली ओलसर पानं, पांढऱ्या बुरशीचे धागे. आणि त्याच्याही खाली बोट घातलं की गारवा लागतो, बारीक मुळ्या तिथवर चढून आलेल्या असतात. शेजारच्या उघड्या कुंडीतली माती तेव्हा कडेने फाटून सुटलेली असते, पाणी घातलं तरी भेगेतून सरळ खाली जातं. पाण्याची वेळ सकाळचीच ठेवा. दुपारी गच्चीवरच्या नळीतून येणारं पाणी मुळं भाजेल इतकं तापलेलं असतं.

हाच पाला पावसातही कामाला येतो. मुसळधार सरींनी मातीचा गाळ होऊन भोकं बुजतात, पाल्याच्या कुंडीत पाणी निथळून जातं. सलग पावसात नत्र धुऊन जातं आणि पानं पिवळी पडतात, तेव्हा उघडीप मिळाली की मूठभर कंपोस्ट घाला.

बियांबद्दलही सांगायला हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती परसबागेतलं आणि शेतातलं गावरान बी जपल्याबद्दल. दरवर्षी नवं पाकीट आणण्यापेक्षा आपल्या गच्चीवरच्या उन्हात ज्या वेलाने शेंगा धरल्या, त्याच्याच दोन-चार शेंगा वेलावर वाळू द्या.

आता पेरणी. वळवाच्या एका सरीवर भुलू नका. दोन-तीन चांगले पाऊस पडू देत, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती ओली आणि गार लागू दे, मग पेरा. तेव्हाही सगळं बी एकदम टाकू नका. निम्मं आत्ता, निम्मं दहा-बारा दिवसांनी. पहिलं सडलं किंवा उघडिपीत वाळलं, तर दुसरं हाताशी असतं. चवळीचं आणि मायाळूचं बी माझ्याकडे भरपूर आहे, येऊन घेऊन जा.