जाळीचं दार

आमच्या फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी आईची इन्सुलिनची जादा पेनं असतात. वापरातलं पेन ओट्याजवळ, चहासाखरेच्या डब्यांमागे. रोज सकाळी ती सुई लावते, दोन युनिट हवेत सोडते, टोकाशी थेंब दिसला की मगच पोटाची चिमूट धरते. आणि पुटपुटते, "शंभर वर्षं झाली म्हणे याला. अजून गोळी निघू नये?"

तक्रार रास्त आहे. इन्सुलिन टोरांटोत सापडलं ते १९२१ साली.

माझा भाचा ठाण्याच्या नौपाड्यातून माटुंग्याला जातो, आयसीटीत केमिकल इंजिनीअरिंग शिकायला. परवा रविवारी तोच बसला समजावायला. "आजी, इन्सुलिन म्हणजे प्रथिन. पोटाला ते काय नि तुझं तुरीचं वरण काय, दोन्ही सारखंच. पचवून मोकळं." त्यातून वाचलंच, तर पुढे आतड्याचं अस्तर. जाडी एका पेशीची, पण पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की ५१ अमिनो आम्लांचा हा ऐवज फटीतून जाईना.

"मग फट जरा मोठी करा की."

"करता येते. पण मग नको ते जंतूही आत येऊ शकतात."

आईने बाल्कनीकडे पाहिलं. आमच्याकडे संध्याकाळी जाळीचं दार उघडं ठेवणं हा गुन्हा आहे. वारा यावा, डास येऊ नयेत, एवढ्यासाठी तिने सुताराला तीनदा बोलावलंय.

"म्हणजे डास," ती म्हणाली. भाच्याचं लेक्चर एका शब्दात आटोपलं.

पण तो हटेना. त्याच्याच कॉलेजात शिकलेल्या समीर मित्रगोत्रींच्या गटाने २०१८ साली अमेरिकेत इन्सुलिन एका द्रवरूप क्षारात मिसळून उंदरांना तोंडावाटे दिलं, साखर उतरली. २०१९ मध्ये तिथल्याच एमआयटी विद्यापीठवाल्यांनी वाटाण्याएवढी कॅप्सूल केली. आकार कासवाच्या पाठीवरून घेतलेला. पोटात कशीही पडो, आपोआप सरळ होते आणि जठराच्या भिंतीत इन्सुलिन टोचते. प्रयोग डुकरांवर.

कासव म्हटल्यावर आईचा चेहरा खुलला. सोमवारचं कोपिनेश्वराचं देऊळ तिने कधी चुकवलेलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे सुई ती सुईच, फक्त आतून!"

शेवटचा पत्ता म्हणून त्याने सेमाग्लुटाइडची गोळी काढली. इन्सुलिन नव्हे, पण मधुमेहाचंच, आणि आधी टोचूनच घ्यावं लागणारं औषध. गोळीतलं जेमतेम एक टक्का रक्तात पोचतं, तेही उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घेतली तर. वर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.

"चहासुद्धा?"

"चहासुद्धा."

आईने डब्यांमागून पेन काढलं. गॅसवर आधण आधीच ठेवलेलं होतं.