तुम्ही विचारलंत म्हणून : रेड स्टार हाच जुना ‘युगोस्लाविया’ का?

युरोपातल्या फुटबॉलवर बोलणं निघालं की हा प्रश्न मला हमखास येतो. बेलग्रेडमध्ये महायुद्धापूर्वी ‘एसके युगोस्लाविया’ नावाचा क्लब होता. आजच्या रेड स्टार या बेलग्रेडच्याच क्लबचं मैदान त्याच जागेवर आहे, लाल-पांढरा रंगही तोच. मग नुसतं नाव बदललं असंच ना?

नाही. का नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण या ‘नुसतं’मध्ये एका क्लबची बत्तीस वर्षं गडप होतात.

बेलग्रेडमध्ये 1911 साली बीएसके हा क्लब निघाला. दोन वर्षांत तिथली काही मंडळी फुटून बाहेर पडली आणि 1913 मध्ये त्यांनी नवा क्लब काढला. त्यांत पुढाकार होता दानिलो स्तोयानोविच यांचा. सगळं शहर त्यांना ‘चिका दाचा’, म्हणजे दाचाकाका म्हणायचं. स्वतः गोलरक्षक असलेल्या या माणसाने क्रागुयेवात्समध्ये त्याआधी दहा वर्षांपूर्वीच फुटबॉल रुजवला होता. नव्या क्लबचं नाव ठेवलं ‘वेलिका सर्बिया’, विशाल सर्बिया. बाल्कन युद्धांमध्ये सर्बियाचा मुलूख नुकताच वाढला होता, त्या दिवसांचा हा भर.

पहिलं महायुद्ध सरलं, सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं एक राज्य झालं आणि 1919 मध्ये क्लबने ‘युगोस्लाविया’ हे नाव घेतलं. मला या क्लबबद्दल सगळ्यात जास्त आपुलकी वाटते ती इथे. कारण त्या राज्याचं अधिकृत नाव तेव्हा युगोस्लाविया नव्हतंच. ते झालं 1929 साली. म्हणजे देशाने जे नाव दहा वर्षांनी लावलं, ते या खेळाडूंनी आधीच मिरवलं होतं. ज्यांनी सहा वर्षांपूर्वी ‘विशाल सर्बिया’ असं नाव निवडलं होतं, त्यांचाच हा क्लब. एवढा पल्ला सहा वर्षांत गाठणं सोपं नव्हतं.

मैदानावरही ते नाव शोभलं. 1924 आणि 1925 अशी लागोपाठ दोन वर्षं ते देशाचे विजेते ठरले. 1927 मध्ये तोपचिदेरच्या टेकडीवर त्यांनी स्वतःचं स्टेडियम उभारलं. पुढच्या काळात निळ्या बीएसकेचं पारडं जड झालं. त्यांनी 1931 ते 1939 या दरम्यान पाच वेळा विजेतेपद पटकावलं. तरी बेलग्रेड लाल-पांढरे आणि निळे असं वाटलं गेलं होतंच.

या क्लबात घडलेला एक माणूस म्हणजे मिलुतिन इव्कोविच, लाडाने ‘मिलुतिनात्स’. बचावफळीतला खेळाडू आणि पेशाने डॉक्टर. 1929 मध्ये तो बेलग्रेडच्याच बास्क या क्लबकडे गेला आणि पुढच्या वर्षी उरुग्वेतल्या पहिल्या विश्वचषकात देशाचा कर्णधार झाला. फुटबॉल संघटनेचं मुख्यालय झाग्रेबहून बेलग्रेडला हलवलं म्हणून क्रोएशियन खेळाडूंनी त्या दौऱ्यावर बहिष्कार टाकला होता. तरी या संघाने ब्राझीलला 2–1 असं हरवलं आणि थेट उपांत्य फेरी गाठली.

मग एप्रिल 1941. जर्मन बॉम्बफेक, शरणागती, ताबा. ‘युगोस्लाविया’ हे नावच आता चालणार नव्हतं. क्लब ‘एसके 1913’ या नावाने खेळत राहिला. जन्मसाल तेवढं कुणी काढून घेऊ शकलं नाही, असं मला ते नाव वाचताना दर वेळी वाटतं. डॉक्टर इव्कोविच प्रतिकार चळवळीत होते. मे 1943 मध्ये जर्मनांनी त्यांना बेलग्रेडजवळच्या यायिंत्सीला गोळ्या घातल्या.

1945 मध्ये नवी कम्युनिस्ट राजवट आली आणि ताब्याच्या काळात खेळत राहिले हा ठपका ठेवून तिने जुने क्लब बरखास्त केले. जो क्लब इव्कोविचसारखा माणूस घडवतो, त्याच्यावर सरसकट हा शिक्का बसावा, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. त्या काळात मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येकाचं मन एकच होतं असं कसं धरायचं? त्याच वर्षी 4 मार्चला स्थापन झालेल्या रेड स्टारकडे (सर्बियनमध्ये ‘त्स्र्वेना झ्वेज्दा’) जुन्या क्लबचं मैदान आणि रंग गेले. काही खेळाडूही गेले. जुनं स्टेडियम पुढे पाडलं आणि 1963 मध्ये तिथे नवं, ‘माराकाना’ या नावाने गाजलेलं, उभं राहिलं.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना युगोस्लाविया आठवतो तो 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला. उपांत्य सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने भारताला आघाडी मिळवून दिली आणि शेवटी आपण 4–1 असे हरलो. त्या युगोस्लाव चमूत रेड स्टारचा शेकुलारात्स होता. त्याच्या क्लबचं घर म्हणजे तेच मैदान, आणि त्याखाली दुसऱ्याचा पाया.

घर ताब्यात आलं म्हणून आधीच्या मालकाचे पूर्वज आपले होत नाहीत. रेड स्टारने स्वतःचं नाव, स्वतःची चांदणी आणि 1945 हे स्वतःचं साल घेतलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. बीएसकेची गोष्ट वेगळी झाली. 1945 मध्ये ‘मेतालाक’ म्हणून निघालेल्या क्लबने 1950 मध्ये बीएसके हे नाव परत घेतलं आणि 1957 पासून तो ओएफके बेओग्राद म्हणून ओळखला जातो. तिथे निदान वारसा सांगणारं कुणीतरी उरलं. ‘युगोस्लाविया’चं नाव घेऊन मात्र तसा कुणी उभा राहिला नाही.

म्हणून रेड स्टारची विजेतेपदं मोजाल तेव्हा 1951 पासून मोजा. स्वतः रेड स्टारही तशीच मोजतो. 1924 आणि 1925 या दोन सालांपुढे एसके युगोस्लाविया एवढंच लिहा.