सॉरी डे ते पर्यावरण दिन: मेलबर्नमधील एका शाळेतील माझा अनुभव

मेलबर्नच्या उत्तर भागातील ज्या सरकारी प्राथमिक शाळेत माझी मुलगी शिकते, तिच्या पालक समितीत मी आहे. मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी येथील शाळांमध्ये पाठोपाठ काही दिवस पाळले जातात. 26 मे हा कुटुंबांपासून तोडलेल्या मूळ रहिवाशांच्या मुलांची आठवण ठेवणारा राष्ट्रीय ‘सॉरी डे’, 27 मे ते 3 जून हा मूळ रहिवाशांशी सलोख्याचा सप्ताह, ज्याला सगळे ‘रिकन्सिलिएशन वीक’ म्हणतात, आणि लगेच 5 जूनचा जागतिक पर्यावरण दिन. आमच्या शाळेत हे सारे एक चित्रफीत, कागदी तळहातांची माळ आणि एखादे झाड यांवर उरकले जात असे. या वर्षी मुख्याध्यापिकांनी एक शिक्षिका आणि दोन पालक यांच्यावर आखणीची जबाबदारी टाकली आणि त्या दोघांत माझे नाव आले.

शाळा जानेवारीच्या अखेरीस सुरू होते. आम्ही फेब्रुवारीतच बसलो, हे फार बरे झाले. समारंभाच्या आरंभी ‘वेलकम टू कंट्री’, म्हणजे या भूमीवर स्वागत, करण्याचा अधिकार फक्त त्या भूमीच्या पारंपरिक मालकांना असतो. इतर कोणीही, अगदी आमच्यासारखे काल-परवा आलेलेही, केवळ ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’, म्हणजे त्या मालकीचा आदरपूर्वक उल्लेख, करू शकतात. आमचा भाग वुरुंजेरी वोई-वुरुंग लोकांचा. शहराच्या दक्षिणेकडे बुनुरोंग लोकांची भूमी लागते आणि या दोहोंमधील सीमा 2021 मध्ये नव्याने निश्चित झाली असल्यामुळे जुन्या नकाशावर विसंबता येत नाही. शिक्षण खात्याच्या कूरी (येथील आग्नेय भागातील मूळ रहिवासी) साहाय्य अधिकाऱ्यांनी आम्हाला योग्य संस्थेचा अर्ज दाखवला आणि हेही सांगितले की सलोखा सप्ताहात सगळ्या शाळा, बँका आणि कार्यालये एकाच वेळी त्या समाजातील त्याच मोजक्या ज्येष्ठांना बोलावतात.

अर्जात मानधनाचा रकाना होता. समितीतील एका पालकांनी विचारले की सलोख्यासाठी पैसे कशाला. कीर्तनकाराला बिदागी देताना आपण असा प्रश्न विचारत नाही, मग ज्यांचे ज्ञान आणि वेळ आपण मागतो आहोत त्यांच्याच बाबतीत सेवाभावाची अपेक्षा का धरावी, असे मी म्हटले. रक्कम मंजूर झाली. सप्ताहातील एकही दिवस मात्र मोकळा नव्हता. मिळाली ती 5 जूनची सकाळ. शिक्षिकांना आधी वाईट वाटले, पण मला ती तारीख उलट अधिक योग्य वाटली, कारण त्यामुळे वृक्षारोपण आणि भूमीचे स्वागत यांना एकत्र आणणे भागच पडले.

सर्वांत अवघड गेला तो 26 मे. 1997 मध्ये याच दिवशी ‘ब्रिंगिंग देम होम’ हा अहवाल संसदेत मांडला गेला. ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरील, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, मुलांना सरकारी धोरणाने कुटुंबांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत ठेवले गेले, त्याची ही चौकशी होती. 1910 ते 1970 या काळात दर तीन ते दहा मुलांमागे एकाला असे नेले गेले, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. पुढच्या वर्षीपासून हा दिवस पाळला जाऊ लागला. पंतप्रधान केव्हिन रड यांची संसदेतील औपचारिक माफी मात्र 13 फेब्रुवारी 2008 रोजी आली. हे सहा वर्षांच्या मुलाला कसे सांगायचे? लहान वर्गांत फक्त घर, आजी-आजोबा आणि आपली भाषा यांबद्दल बोलायचे, ‘काही मुलांना घरापासून दूर नेले गेले आणि ते चूक होते’ एवढेच स्पष्ट सांगायचे, आणि अहवालाची ओळख पाचवी-सहावीलाच करून द्यायची, असे ठरले. त्या दिवशी फुगे, केक, फॅन्सी ड्रेस यांतले काही नको, हा माझा आग्रह होता. या सोहळ्यांची आपल्याला इतकी सवय असते की कोणताही ‘डे’ म्हटला की आपण फुग्यांकडेच वळतो.

सप्ताहाच्या दोन टोकांच्या तारखा तशा सोप्या होत्या. 27 मे 1967 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला आणि मूळ रहिवाशांची गणना जनगणनेत होण्याचा व त्यांच्यासाठी संघसरकारने कायदे करण्याचा मार्ग मोकळा झाला. 3 जून 1992 रोजी हाय कोर्टाने, म्हणजे येथील सर्वोच्च न्यायालयाने, माबो खटल्यात ही भूमी कोणाचीच नव्हती हा सिद्धांत नाकारला. ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो ते एडी माबो निकालापूर्वी काही महिनेच वारले होते. तयार साहित्यात 1967 मध्ये मताधिकार मिळाला असे पुष्कळदा लिहिलेले असते, पण संघीय निवडणुकीतील मताधिकार 1962 चा आहे. आम्हाला मिळालेल्या पानांतले ते वाक्य शिक्षिकांनी काढून टाकले.

चित्रकलेच्या तासाला, ॲबोरिजिनल कला म्हणून सर्रास ओळखली जाणारी ठिपक्यांची चित्रे काढायची नाहीत, असेही ठरले. ती शैली मुख्यतः मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशाची आहे आणि तिच्यातील अनेक आकृत्या विशिष्ट कुटुंबांच्या कथांशी बांधलेल्या असतात. येथील आग्नेय भागाची परंपरा पोसम या झाडांवर राहणाऱ्या लहान प्राण्याच्या कातड्याची अंगावर घ्यायची पांघरुणे, त्यांवर कोरलेल्या रेषा आणि चौकटी अशी आहे. मग मुलांनी त्या नकलाही न करता ओढ्याकाठी दिसणारी पाने, साली आणि गवताची कणसे रेखाटली.

मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्न आला, ‘ताई, हे पाप इंग्रजांचे, त्याचे आपण काय लागतो?’ प्रश्न तिरकस नव्हता, मनापासून होता, म्हणून मी सविस्तर लिहिले. भारतात इंग्रजांनी संस्थानिकांशी तह केले, मोडले, पुन्हा केले. येथे जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतकाराने 6 जून 1835 रोजी वुरुंजेरी ज्येष्ठांशी जमिनीचा एक करार केला, तो बहुधा आमच्या शाळेजवळून वाहणाऱ्या मेरी क्रीकच्याच काठी, असे अनेक इतिहासकार मानतात. करार लबाडीचा होता यात शंका नाही, पण त्याच वर्षी गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द ठरवताना दिलेले कारण असे की जमीन राजाची असल्यामुळे ज्येष्ठांना ती देण्याचा हक्कच नव्हता. आपण ज्या प्लॉटचे हप्ते फेडतो त्याची मालकी त्या घोषणेपर्यंत मागे जाते, एवढाच आपला संबंध, आणि मला तो पुरेसा वाटतो. त्यावर काहींनी पसंतीचे अंगठे पाठवले, काही गप्प राहिले, आणि एक दादा 5 जूनला कुदळ घेऊन आले.

मेरी क्रीक हा सुमारे सत्तर किलोमीटरचा ओढा शेवटी यारा नदीला मिळतो, आणि त्या संगमाजवळ 1845 ते 1851 या काळात ॲबोरिजिनल मुलांसाठी एक शाळा होती. मोठ्या वर्गांनी हे वाचले तेव्हा त्यांचे प्रश्न अहवालाच्या वेळेपेक्षाही थेट होते. अ‍ॅक्नॉलेजमेंटचा मजकूर चौथीच्या मुलांनी स्वतः लिहिला. छापील नमुन्याऐवजी त्यात ओढा आला आणि काठची झाडी पुन्हा वाढवल्यानंतर परतलेला खंड्याही आला.

5 जूनला कडाक्याची थंडी होती, पण येथे स्थानिक रोपे लावण्याचा हंगाम हाच. स्वागताच्या वेळी होणाऱ्या धुराच्या विधीसाठी मोकळी जागा, अग्निशमनाची सूचना आणि दम्याच्या मुलांना वाऱ्याच्या उलट बाजूस बसवणे, ही कामे आदल्या आठवड्यात झाली होती. ज्येष्ठ बाई आल्या आणि सर्वांनी त्यांना ‘आंटी’ म्हणून हाक मारली. हा येथील मूळ रहिवाशांमधील मानाचा रिवाज आमच्या मुलांना शिकवावा लागला नाही. युकॅलिप्टसची ओली पाने निखाऱ्यांवर पडताच धूर जाड आणि पांढरा झाला, आणि मुले एकेक करून त्यातून गेली.

रोपे बोटभर रुंद, उंच नळकांड्यांतली होती. कांगारू गवत, लोमँड्रा ही गवतासारखी स्थानिक वनस्पती आणि थोडी मर्नाँग. मर्नाँगचे गोडसर कंद हे येथील लोकांचे मुख्य अन्न होते, आणि वसाहतीच्या पहिल्या काही वर्षांतच मेंढ्यांच्या कळपांनी ते खाऊन आणि तुडवून जवळजवळ संपवले. नळी उलटी धरून बुडाशी टिचकी मारली की मुळांची अख्खी गुंडाळी सुटते; ती खड्ड्यात ठेवून माती अंगठ्याने दाबायची, पायाने नाही. दुसरीतील एका मुलाने विचारले की पर्यावरण दिन आहे तर मेंढ्यांचे काय करायचे. आंटी खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, आधी सशांचे बघू.

सशांसाठी प्रत्येक रोपाभोवती काठ्या आणि आवरणे लावली आहेत. तण काढण्याची पाळी वर्गांना वाटून दिली आहे. सप्टेंबरच्या सुट्टीतले दोन आठवडे अजून रिकामे आहेत. आंटींच्या पुढील वर्षीच्या भेटीसाठीचा अर्ज आम्ही सादर केला असून, तारीख या वेळीही 5 जूनच मागितली आहे.