भांग चालते, मग धोतरा का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. महाशिवरात्र जवळ आली की हा प्रश्न येतोच, आणि विचारणारी बहुतेक कॉलेजातली पोरं असतात: "डॉक्टर, दोन्ही शंकराचंच ना? मग भांगेसारखीच नशा होत असेल की!"

नाही होत. भांग चढलेला माणूस खिदळतो, तरंगतो, कधी भलताच घाबरतो. पण आपण भांग प्यायलोय हे त्याला बहुधा ठाऊक असतं. मेक्सिकोतल्या पेयोटी निवडुंगात मेस्कलिन असतं. ते घेणाऱ्याला रंग-आकार भलतेच दिसले, तरी हा त्या निवडुंगाचा खेळ आहे, हे सहसा कळत असतं. धोतऱ्यात नेमकं तेवढंच कळेनासं होतं. म्हणून मी त्याला नशा म्हणतच नाही. जबर तापात वात होऊन माणूस बरळतो ना, तो हा प्रकार.

असा एक पेशंट माझ्या चांगला लक्षात आहे. कुणाच्या तरी सांगण्यावरून दम्यासाठी त्याने बिया वाटून घेतल्या होत्या. खाटेवर बसून तो बोटांच्या टोकांतून न दिसणारे दोरे ओढत होता, ओढून शेजारी नीट ठेवत होता. मग कानामागची विडी काढली, काडी ओढली, झुरका घेऊन राख झटकली. हातात विडी नव्हती, काडीही नव्हती. मधेच कोपऱ्याकडे बघून "आलोच, दादा" म्हणाला. कोपरा रिकामा. बायको म्हणाली, याला बाहेरचं काहीतरी लागलंय, म्हणून आधी देवऋष्याकडे नेलं होतं. त्यात वेळ गेला, पण तिला दोष देववत नाही. समोर जे चाललं होतं ते पाहून दुसरं काय वाटणार?

अंग मात्र खरं सांगत होतं. कातडी तापलेली आणि कोरडी ठणठणीत, घामाचा टिपूस नाही. जीभ टाळ्याला चिकटलेली. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की बुबुळाची जेमतेम कड उरलेली. नाडी धावत होती आणि लघवी तुंबून ओटीपोट फुगलं होतं.

धोतरा वांगी, मिरची, तंबाखूच्या कुळातला. त्याच्या पानाफुलांत, मुळांत, बियांत स्कोपोलामिन, हायोसायमिन आणि अ‍ॅट्रोपिन ही अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातच तयार होणारी जहाल रसायनं, असतात. आपल्या शरीरात अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा निरोप्या असतो. लाळ सुटणं, घाम येणं, आतडी हलणं, लघवी होणं, उजेडात बाहुली बारीक होणं ही कामं त्याच्या निरोपावर चालतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी ही अल्कलॉइड्स त्याची जागा अडवतात. स्वतः काम करत नाहीत आणि त्यालाही बसू देत नाहीत. मेंदूत हाच निरोप्या लक्ष आणि आठवण सांभाळतो. (अल्झायमरच्या रुग्णांना डोनेपेझिल देतात ते तिथे हाच निरोप्या जरा जास्त टिकावा म्हणून.) तो अडला की खरं-खोटं वेगळं करता येत नाही आणि नंतर काही आठवतही नाही. माझा तो पेशंट शुद्धीवर आल्यावर विचारत होता, मला इथे का आणलंय?

आता याची दुसरी बाजू. फवारणीच्या औषधांपैकी मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं पोटात गेली की सगळं उलटं होतं: अ‍ॅसिटिलकोलिनचा पूर येतो, तोंडाला फेस, दरदरून घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छाती पाण्याने भरलेली. तिथे हेच अ‍ॅट्रोपिन जीव वाचवतं. 0.6 मिलिग्रॅमच्या अ‍ॅम्प्यूलमागून अ‍ॅम्प्यूल फोडत सिस्टरांचे हात दुखून येतात. छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं. जास्त झालं की तोही पेशंट चादर चाचपायला लागतो आणि नातेवाईक आमच्यावर धावून येतात: "तुमच्या इंजेक्शनाने वेडा झाला!" तेवढ्यापुरतं त्यांचं खरंही असतं.

माणसाचं भान आणि आठवण घालवायचा धोतऱ्याचा हा गुण चोरांना फार पूर्वीपासून माहीत. 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने, चोर लुटण्यासाठी लोकांच्या खाण्यात धोतरा घालतात, हे लिहून ठेवलंय. प्रवासात अनोळखी माणसाने दिलेला प्रसाद खाऊ नये असं आई सांगायची ते उगाच नाही.

"पण आयुर्वेदात आहे की" हा पुढचा प्रश्न. आहे, दम्यावरच्या कनकासवात धोतरा असतो. पण तो बनवायची रीत ठरलेली आहे, मात्रा ठरलेली आहे. कुंपणावरच्या झाडाचं तसं नाही. एका झाडात अल्कलॉइड किती आणि शेजारच्यात किती, याचा काही मेळ नसतो. त्यात आतडी मंदावलेली, म्हणजे बिया आत रेंगाळतात आणि विष झिरपत राहतं. एक-दोन दिवस सहज जातात.

असं कुणाला झालं तर ओकारी काढायला मीठ-पाणी पाजू नका. गिळता येत नसतं, ते फुप्फुसात जातं. 108 ला फोन करा. आणि त्याने जे खाल्लं ते, पान असो की बी, पिशवीत घालून सोबत आणा. धोतऱ्याची बी मिरचीच्या बीसारखी वाटू शकते, पण मिरचीची बी पिवळट, पातळ आणि चपटी असते. धोतऱ्याची तपकिरी, जाडसर, मूत्रपिंडाच्या आकाराची. दिसली की आमचा अर्धा शोध वाचतो.